उतरायची सोय

म्हाताऱ्या कुत्र्याला पलंगावर चढता येईनासं झालं, की ते घरातल्या सगळ्यांच्या लक्षात येतं. ते कडेशी येऊन उभं राहतं, पुढचे दोन पाय गादीवर टेकवतं, मान वळवून आपल्याकडे बघतं, आणि कुणीतरी "चल गं बाई" म्हणत उचलून घेतं. उतरण्याकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. मध्यरात्री तहान लागली, पहाटे दूधवाल्याने बेल वाजवली, स्वयंपाकघरात फ्रीजचं दार उघडलं, की धप्प. आपण कूस बदलून झोपतो. खरा घात त्या धप्पमध्ये असतो.

कुत्रं नुसतं उभं असतं तेव्हाही त्याच्या वजनाचा साधारण साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो. उंचावरून उडी मारली की जवळजवळ सगळाच भार पुढे येतो. मनगटं, कोपरं, खांदे आणि मग पाठीचा कणा अशा क्रमाने तो हादरा आत पोचतो. आमचा पलंग सामान ठेवायच्या खोक्याचा, त्यावर आठ इंची गादी. जमिनीपासून बावीस इंच. आमच्या कुत्रीची, सुरळीची, खांद्यापर्यंतची उंची नऊ इंच. अडीचपट उंचीवरून ही बाई दिवसातून कितीदा उडी मारत होती, याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता.

सुरळी आमची डॅशहाउंड. घरी आली त्या दिवशी आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सुरळीच्या वड्या केल्या होत्या, आणि हे तपकिरी पिल्लू ओट्याखाली अगदी तशीच गुंडाळी करून झोपलं होतं. नाव तिथंच पडलं. आता ती बारा वर्षांची आहे, साडेआठ किलोची. पैकी अर्धा किलो आईंच्या हातच्या पोळीचा आहे, आणि तो कमी करा असं डॉक्टर दर वेळी सांगतात. डॉक्टरांचं ते वाक्य आईंना ऐकू येत नाही. बाकी सगळं येतं.

कुत्र्याला पलंगावर घ्यायचंच कशाला, हा प्रश्न आम्हाला अनेकांनी विचारला आहे. काहींनी चहा पिता पिता, काहींनी चहा नाकारून. प्रश्न रास्त आहे, पण तो पिल्लू तीन महिन्यांचं असताना विचारायचा असतो. बारा वर्षं पायाशी झोपलेल्या जनावराला गुडघे दुखायला लागल्यावर "आजपासून खाली" म्हणणं मला तरी जमणार नव्हतं. शिवाय कुत्रं असा हुकूम ऐकतही नाही. दुखतंय म्हणून उडी मारायची नाही, एवढा लांबचा विचार त्याच्या डोक्यात बसत नाही. सवय तशीच राहते, सांधे तेवढे बदलतात.

पहिली खूण मला कानाला कळली. घरभर व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत आणि सुरळीच्या नखांचा त्यावर टिकटिक, टिकटिक असा एकसारखा ताल असायचा. पावसाळ्याच्या तोंडाशी त्यात मध्येच एक 'खर्र' यायला लागलं. टिकटिक, टिक, खर्र. तिला उलटी करून पंजे बघितले, तर मागच्या डाव्या पायाची मधली दोन नखं वरच्या बाजूने घासून सपाट झालेली. नख टोकाकडून झिजतं; वरून झिजलं म्हणजे पाऊल पुरतं उचललं न जाता फरपटत जातंय.

डॉक्टरांनी तिला टेबलावर उभं केलं आणि एक साधी गोष्ट केली. पोटाखाली हात धरून मागचा उजवा पंजा अलगद मुडपला, म्हणजे पंजाची वरची बाजू टेबलाला टेकेल असा ठेवला. सुरळीने तो तत्काळ सरळ केला. मग डावा. डावा पंजा तसाच उलटा राहिला. एक क्षण, दोन क्षण. ती माझ्याकडे बघून शेपूट हलवत होती आणि स्वतःचा पाय उलटा आहे याची तिला बातमीच नव्हती. मग सावकाश, आठवल्यासारखा, तो सरळ झाला. पाय कुठे आहे हा निरोप मेंदूपर्यंत उशिरा पोचतोय, असं डॉक्टर म्हणाले. पाठीच्या मणक्यांमधली गादी सरकायला लागली आहे, छातीचे मणके संपून कमरेचे सुरू होतात तिथं. डॅशहाउंडांची गादी बहुधा तिथंच दगा देते.

यात सुरळीचा दोष नाही, आणि आईंच्या पोळीचाही थोडाच आहे. ही जात जर्मनीत बिज्जूच्या, म्हणजे बॅजरच्या, बिळात शिरून त्याला हुसकायला घडवली गेली. आखूड पाय, लांब पाठ, मोठा आवाज. म्युनिकच्या 1972 च्या ऑलिंपिकचा शुभंकर वाल्डी हा रंगीबेरंगी डॅशहाउंडच होता, आणि तिथल्या मॅरेथॉनचा मार्गही त्याच्या आकृतीवरून आखला होता, इतकं त्या देशाचं या कुत्र्यावर प्रेम. पण पाय आखूड करता करता माणसाने आणखी काही नकळत सोबत आणलं. 2009 मध्ये संशोधकांनी दाखवलं, की अशा बुटक्या जातींमध्ये एफजीएफ4 या जनुकाची एक जास्तीची प्रत असते. 2017 मध्ये त्याच जनुकाची दुसरी जास्तीची प्रत वेगळ्या गुणसूत्रावर सापडली, आणि तिचा संबंध थेट मणक्यांमधल्या गाद्यांच्या आजाराशी लागला. एरवी गादीचा गाभा लिबलिबीत असतो, तो धक्के पचवतो. या कुत्र्यांत तो पहिल्या वर्षा-दीड वर्षातच कडक व्हायला लागतो, पुढे त्यात चुनाही साठतो. मग एखाद्या दिवशी तो कडक गाभा वरचं वेष्टण फोडून मज्जारज्जूवर येतो. नशीब असेल तर नुसतं दुखतं. नसेल तर मागचे पाय जातात.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण कुत्र्यांना पलंगावर चढा-उतरायला रॅम्प, म्हणजे तिरक्या फळ्या, विकणारे ती सांगत नाहीत. ब्रिटनमध्ये 2015 साली डॅशहाउंड पाळणाऱ्यांची एक मोठी पाहणी झाली, दोन हजारांवर कुत्र्यांची. सोफ्यावर-पलंगावर उड्या मारू दिल्या जाणाऱ्या आणि भरपूर फिरणाऱ्या कुत्र्यांत हा आजार कमी दिसला. उलटं वाटतं ना? मलाही वाटलं. पण असल्या पाहणीतून कारण आणि परिणाम सुटे करता येत नाहीत. ज्यांची पाठ दुखते त्यांना मालक उड्या मारू देत नाहीत, हेही त्याच आकड्यांत मिसळलेलं असतं. दणकट स्नायूंचं तरुण कुत्रं आणि एक गादी आधीच सरकलेली बारा वर्षांची म्हातारी यांना एकच नियम लावायचा नाही, एवढं मी त्यातून घेतलं. तरुण कुत्र्याला पलंग उंच म्हणून कापसात गुंडाळून ठेवू नये. त्याला टेकडीवर न्यावं. रॅम्प पुढे, गरज पडेल तेव्हा.

आम्हाला गरज पडली होती. आधी सक्तीची विश्रांती, चार ते सहा आठवडे पिंजऱ्यात. शू-शीपुरतं बाहेर, तेही हार्नेस घालून, कारण गळ्यातल्या पट्ट्याला हिसका बसला तर मानेचे मणके आहेतच. औषध मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक, रोज मोजून, जेवणानंतर. हे नाव मी आधी गिधाडांच्या संदर्भात वाचलं होतं. डायक्लोफेनॅक हे दुसरं वेदनाशामक दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती. 2006 मध्ये भारतात जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली आणि त्याच्या जागी मेलॉक्सिकॅम सुचवलं गेलं, कारण ते गिधाडांना बाधत नाही. कुत्र्यांच्या बाबतीतही डायक्लोफेनॅक आणि आयबुप्रोफेन ही आपल्या घरातल्या डब्यातली मंडळी घातकच. पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात. "अर्धी गोळी देऊन बघा" म्हणणारे शेजारी प्रत्येक सोसायटीत असतात; त्यांना चहा द्यावा, त्यांची गोळी घेऊ नये.

दुखणं उतरलं, पाऊल बरंच सुधारलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता उडी बंद. सांगणं सोपं होतं. दिवसा आम्ही उचलून ठेवू शकतो: एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ आडवी. रात्री तीन वाजता तिला पाणी प्यायचं असतं तेव्हा कोण जागं असतं? गादी खाली टाकणं हा सगळ्यात स्वस्त आणि खरं तर सगळ्यात चांगला उपाय. आम्ही तो करून पाहिला. सुरळीला फार आवडला. सकाळी जमिनीवरून उठताना आमच्या दोघांच्या कमरेने जे आवाज केले, ते ऐकून आईंनी स्वतःच मिस्त्रींना फोन लावला.

तयार मिळणाऱ्या स्पंजच्या पायऱ्या मला पसंत पडल्या नाहीत. लांब पाठीच्या कुत्र्याचा पुढचा भाग एका पायरीवर आणि मागचा दुसरीवर राहतो, दर पायरीला कणा वाकतो. आखूड बांध्याच्या, नुसते गुडघे दुखणाऱ्या कुत्र्याला त्या चालत असतील. आणि तयार रॅम्प बहुतेक सोफ्याच्या उंचीचे असतात. ते आपल्या बावीस इंची पलंगाला लावले की घसरगुंडी होते.

मिस्त्री आले, पलंग बघितला, सुरळीला बघितलं. "मॅडम, चार फुटांची फळी लावून देतो."

"चार फुटांत फार उभं होईल."

त्यांनी खिशातून टेप काढली, जमिनीवर खडूने रेघ मारली, फळी तिरकी धरून बघितली. "हो, उभंच होतंय."

हिशेब फार अवघड नाही. पलंगाच्या उंचीच्या तिप्पट लांबीची फळी घेतली, की उतार वीस अंशांच्या जरा आत येतो. म्हाताऱ्या, आखूड पायांच्या कुत्र्याला तेवढाच झेपतो. बावीस त्रिक सहासष्ट, म्हणजे साडेपाच फूट. आता साडेपाच फूट लांब फळी पलंगापासून सरळ बाहेर काढली, तर ती आमच्या खोलीत थेट कपाटाच्या दारात येते. मग मिस्त्रींनीच तोड काढली. फळी पलंगाच्या कडेला समांतर ठेवायची आणि वर उशीच्या बाजूला गादीच्या पातळीवर पंधरा इंचांचा चौकोनी ओटा करायचा. कुत्र्याने ओट्यावर यायचं, वळायचं, गादीवर जायचं. तिरक्या फळीने जमिनीवर बासष्ट इंच घेतले, ओट्याने पंधरा, सत्त्याहत्तर. पलंग साडेसहा फुटी, अठ्ठ्याहत्तर इंच. एक इंच उरला. त्या एका इंचाचा मिस्त्रींना इतका अभिमान वाटला, की त्यांनी फोटो काढून कुणाला तरी पाठवला.

त्या बाजूने आता माणसाला उतरता येत नाही. तिकडे नवरा झोपायचा. त्याला रात्री उठायचं असेल तर माझ्यावरून जावं लागतं. यावर त्याचं म्हणणं काय आहे ते इथं लिहीत नाही.

फळी बारा एमएमच्या प्लायची, खालून दोन आडव्या पट्ट्या, म्हणजे मध्ये लवत नाही. हे महत्त्वाचं. पायाखालचं हललं की कुत्रं पुन्हा त्यावर पाय ठेवत नाही. दोन्ही कडांना दीड इंचाची पट्टी उभी मारली, म्हणजे पाय बाहेर जायला नको. वर काय घालायचं यावर घरात मतभेद झाले. आईंनी जुनं कार्पेट काढून दिलं, पण त्याच्या दोऱ्यांत तिची नखं अडकायची. शेवटी माझी योगा मॅट कामी आली. जानेवारीत घेतलेली, तेव्हापासून गुंडाळीतच होती. फेविकॉलने चिकटवली, कडेला खिळे न मारता पट्टीखाली दाबली. पुसता येते, पाय घसरत नाही. पावसाळ्यात ओल्या पायांनी वास धरते तेवढाच त्रास. आठवड्याला व्हिनेगरच्या पाण्याने पुसली की जातो. सोबत तिच्या पंजाच्या गाद्यांमधले वाढलेले केसही कापले. ते तसेच ठेवले तर जगातली कुठलीही मॅट उपयोगाची नाही.

वस्तू तयार झाली म्हणजे काम झालं, असं मिस्त्रींना वाटलं. सुरळीने वस्तूचा वास घेतला आणि त्यावर पाय न देता तिच्या कडेने जाऊन पलंगापाशी उभी राहिली.

मग शिकवणी. फळी ओट्यापासून सोडवून जमिनीवर सपाट टाकली. तिच्यावर ठेवले उकडलेल्या लाल भोपळ्याचे तुकडे. ती त्यावरून चालायला लागली तशी एका टोकाखाली दिवाळी अंकांचा गठ्ठा सरकवला. आमच्याकडे दिवाळी अंक टाकत नाहीत, त्यामुळे उंची वाढवायला हवे तेवढे होते. एकेक अंक वाढत गेला. ओढायचं नाही, ढकलायचं तर मुळीच नाही, ती मध्येच थांबली तर थांबू द्यायचं. चढायला ती पटकन शिकली. वर भोपळा आहे म्हटल्यावर चढण्यात अडचण कसली.

उतरायला मात्र ती रॅम्पकडे बघायची, आणि शांतपणे वळून पलंगाच्या दुसऱ्या बाजूने उडी मारायची. धप्प.

वरून खाली बघताना तिला काय दिसत असेल, हे मी ओट्यावर हनुवटी टेकवून बघितलं. मॅट करडी, टाइल्स करड्या. फळी कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते, कळत नव्हतं. त्यात म्हाताऱ्या कुत्र्यांच्या डोळ्यातल्या भिंगाचा गाभा घट्ट होत जातो, डोळा निळसर दिसायला लागतो. तो मोतीबिंदू नव्हे, दिसणं बंद होत नाही, पण जवळचं धूसर होतं. कुत्र्यांना रंग दिसतात ते निळे आणि पिवळे. लाल-हिरवा त्यांना मळकट एकसारखा. म्हणून दोन्ही कडांना आणि खालच्या टोकाला पिवळी चिकटपट्टी लावली. ओट्याजवळच्या प्लगमध्ये झिरोचा बल्ब बसवला. पलंगाच्या मोकळ्या बाजूला आईंच्या माहेरचे दोन लोड आडवे टाकले, म्हणजे उडीची वाट बंद. आणि शिकवणी पुन्हा सपाट फळीपासून, फक्त या वेळी भोपळा खालच्या टोकाला.

पहिल्यांदा ती पूर्ण उतरली तेव्हा मी तिच्या बाजूला उकिडवी बसले होते. पुढचे पाय ताठ रोवून, मागचं अंग जवळजवळ बसवून, एक पाऊल, थांबणं, परत एक पाऊल. कान मागे. खांद्यांचे स्नायू कातडीखाली थरथरताना दिसत होते. वीस अंशांचा उतार आपल्याला काहीच वाटत नाही. तिला प्रत्येक पावलाला सगळं वजन पुढे पडू न देता धरून ठेवावं लागत होतं. खाली आल्यावर तिने भोपळा खाल्ला आणि लगेच परत वर गेली. तेव्हा मला वाटलं की तिला हे आवडलं. भोपळा परत मिळतो का, एवढंच ती बघत होती हे नंतर कळलं.

आईंचं या सगळ्यात एक वाक्य आहे, ते मी विसरणार नाही. आमच्या इमारतीच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत. त्यांना बाजूने रॅम्प हवा, हा विषय सोसायटीच्या वार्षिक सभेत दर वर्षी येतो आणि पुढच्या वर्षी जातो. चाकाच्या खुर्चीसाठी एक फूट चढाला बारा फूट लांबी लागते. दीड फुटाच्या पायऱ्यांना अठरा फूट. तेवढ्यात दोन गाड्यांचं पार्किंग जातं. मिस्त्री ओट्याला शेवटचा स्क्रू मारत होते तेव्हा आई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "बरं झालं, हिला सभेची परवानगी लागली नाही ते." आणि काठी टेकत आत गेल्या.

रॅम्पने सगळं सुटलं असं नाही. थंडीत सकाळी ती खाली येऊन उभी राहते आणि चढत नाही. त्या दिवशी उचलायचं. फिरायला जाणं चालूच आहे, सावकाश, सपाट रस्त्याने, कारण मांड्यांचे स्नायू टिकले तर पाठ टिकते. 'खर्र' अधूनमधून ऐकू येतं. ते वाढलं, किंवा पाय एकदम लुळा पडला, तर सकाळपर्यंत वाट बघायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. पायाला चिमटा काढल्यावर खोलवर दुखतंय हे कुत्र्याला कळतंय तोवर शस्त्रक्रियेला चांगलं यश येतं. ते कळेनासं झालं की यशाची शक्यता निम्म्यावर येते. त्यांचा नंबर फ्रीजवर लावलेला आहे.

परवा मिस्त्रींचा फोन आला. शेजारच्या इमारतीत एका पगला असाच रॅम्प हवाय, माप सांगा म्हणाले. मी सांगितलं, पलंगाची उंची गादीसकट मोजा आणि तिला तिनाने गुणा. पग अंगाने रुंद, तेव्हा फळी पंधराऐवजी अठरा इंच घ्या. पिवळी पट्टी विसरू नका.

"आणि वरून सनमायका मारू का मॅडम? फिनिशिंग येतं."

"सनमायका नको. घसरेल तो."

"मॅट फिनिशचा मारतो."

"मिस्त्री, कुठलाच नको."

"बरं," ते म्हणाले, पण आवाजावरून त्यांना पटलेलं नव्हतं. उद्या तिकडे जाऊन बघून यावं लागेल.